लाल अक्षरं वाचताना

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. शाळेची पुस्तकं, गाइडं, प्रश्नपत्रिकांचे संच आणि या सगळ्याच्या मधे कॉम्प्युटरच्या पुस्तकांचं एक कपाट. मी त्या कपाटापाशी उभी असताना बारामतीकडच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी पायथन करून ठेव, असं शेजारच्या कुणी दादाने त्याला सांगितलं होतं. दुकानदाराने फळीवर चार पुस्तकं मांडली. मुलाने एकेक उचललं आणि थेट शेवटून उघडलं. उत्तरं दिली आहेत का, ते तो बघत होता.

"दादा, यातलं कुठलं देऊ याला?" आईने विचारलं.

"ताई, सोडवलेली उदाहरणं जास्त असलेलं न्या. सगळी मुलं तेच मागतात."

त्यांनी तेच घेतलं. पैसे देताना बाईंनी पुस्तक पदराने पुसून पिशवीत ठेवलं, आणि मला त्या मुलाच्या पहिल्या संध्याकाळची काळजी वाटायला लागली. सोडवलेलं उदाहरण तो वाचेल, ते त्याला पटेल, पुढचंही पटेल. मग वही मिटून स्वतः लिहायला बसेल आणि पहिल्याच ओळीला अडेल. तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'सराव' हा विषय दिला आणि मी हाच प्रश्न उचलला. त्यात माझा स्वतःचाही स्वार्थ होता. वर्षभर मी रस्ट नावाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकते आहे, आणि त्यातले पहिले तीन महिने साधनं गोळा करण्यातच गेले. नव्या भाषेसाठी सरावाचं साहित्य आज इतकं आहे, आणि बहुतेक फुकट, की निवडायचं कशावरून हेच कळेनासं होतं.

त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर ओळखीचं पुस्तक दिसलं: 'लेट अस सी'. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या या पुस्तकावर देशातल्या किती विद्यार्थ्यांनी सी भाषा गिरवली असेल! मीही त्यांतलीच. टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर एका यंत्रावर तिघी बसायचो. धड्याच्या शेवटी स्वाध्याय असायचे: या प्रोग्रॅमचं आउटपुट काय येईल ते सांगा, या प्रोग्रॅममध्ये काही चूक असेल तर दाखवा. परीक्षेत असेच प्रश्न येतात म्हणून आम्ही ते सोडवायचो. आज वाटतं, त्या पुस्तकातली सगळ्यांत मोलाची पानं तीच होती. कोड लिहिण्याआधी तो वाचायचा, यंत्राला विचारण्याआधी स्वतःचा अंदाज बांधायचा, आणि मग तो बरोबर निघाला की चुकला ते पडताळायचं, हे त्या पानांनी हाताला लावलं.

सी भाषेचं मूळ पुस्तक ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं, १९७८ सालचं. 'हॅलो, वर्ल्ड' छापणारा प्रोग्रॅम जगभर पोचला तो याच पुस्तकामुळे. त्याच्या पाठोपाठ पुस्तकात जो पहिला स्वाध्याय येतो, तो मात्र फारसा कुणाला आठवत नाही. नुकताच चालवलेला प्रोग्रॅम मोडायचा. त्यातले तुकडे एकेक करून गाळायचे आणि यंत्र कोणत्या तक्रारी करतं ते बघायचं. नव्या भाषेत पहिलं वाक्य बोलल्याबरोबर लेखक चुकायला सांगतात. हे वाचल्यापासून सरावाच्या प्रत्येक साधनाकडे मी एकाच नजरेने बघायला लागले: इथे चुकलं की पुढे काय होतं?

पहिली भाषा मधे येते

हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा जणांचा गट शनिवारी सकाळी एकत्र बसून रस्ट शिकतो. सगळे आठ-दहा वर्षं जावात काम केलेले. त्यांच्या ओळखीच्या एका मैत्रिणीमुळे मला दोन शनिवार तिथे बसता आलं. एवढी अनुभवी माणसं नवशिक्यांसारखी भराभर चुकणार नाहीत, अशी माझी समजूत होती. ती चुकत होती, फक्त वेगळ्या जागी. व्हेरिएबल, अट, लूप यांत कुणी अडत नव्हतं. अडत होती ती जावात इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट, की ती जावाची आहे हेच विसरलं गेलं होतं.

हे मराठी माणसाला लगेच कळेल. हिंदीची सवय असलेला माणूस मराठी बोलू लागला की 'माझी मदत कर' म्हणतो. शब्द सगळे मराठी, समोरच्याला समजतंही, पण 'मला मदत कर' म्हणायला हवं हे त्याला आतून टोचत नाही, कारण त्याच्या पहिल्या भाषेत ते वाक्य बरोबर असतं. अशा माणसाला मराठी बाराखडीचं पुस्तक देऊन काय उपयोग? त्याची चूक त्या पुस्तकात कधी येणारच नाही.

प्रोग्रॅमरांच्या बाबतीत याचा अभ्यास झालेला आहे. २०२० साली निश्चल श्रेष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ भाषांबद्दल प्रोग्रॅमरांनी विचारलेले ४५० प्रश्न तपासले. त्यांत २७६ ठिकाणी आधीच्या भाषेतलं गृहीतक नव्या भाषेत आड आलेलं सापडलं. म्हणजे दुसरी-तिसरी भाषा शिकणाऱ्याला अनेकदा नडतं ते त्याला येत असलेलंच. 'नवशिक्यांसाठी' असा शिक्का असलेली साधनं त्याला पहिले पंधरा दिवस खूश ठेवतात. सगळं सोपं जातं, हिरव्या खुणा मिळत राहतात आणि जुनी सवय तशीच शाबूत राहते.

सातबाऱ्यावरचं नाव

पहिल्या शनिवारी हा गट 'रस्टलिंग्ज'मध्ये गुंतला होता. कॅरल निकोल्स यांनी सुरू केलेला हा छोट्या स्वाध्यायांचा संच. प्रत्येक स्वाध्याय म्हणजे मुद्दाम मोडून किंवा अर्धवट ठेवलेला छोटासा प्रोग्रॅम. तो दुरुस्त करायचा, फाइल सेव्ह करायची, की बाजूच्या खिडकीत कम्पायलर लगेच तपासून निकाल देतो. जमलं की पुढचा. रूबी भाषेसाठी जिम वायरिक आणि जो ओब्रायन यांनी 'रूबी कोअन्स' केले होते, ते याच घराण्यातले. तिथेही टेस्ट नापास अवस्थेतच हाती येतात आणि एकेक पास करत भाषा समजत जाते.

खिडकीशेजारी बसलेल्या एकाच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. रस्ट शिकणाऱ्या प्रत्येकाला ही चूक कधी ना कधी भेटते, तिचा क्रमांकही पाठ होतो: ई०३८२. दुसऱ्याच्या मालकीची झालेली वस्तू तुम्ही वापरू बघताय, असा तिचा अर्थ.

इथे थोडं थांबायला हवं, कारण रस्टची सगळी गंमत या मालकीत आहे. मजकुराचा एखादा तुकडा एका नावाने ठेवला आणि मग तो दुसऱ्या नावाला दिला, तर जावात दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवत राहतात. रस्टमध्ये तसं नाही. सातबाऱ्यावर एका वेळी एकच नाव. दुसऱ्याला दिलं की फेरफार होतो आणि पहिलं नाव खोडलं जातं. त्या खोडलेल्या नावाने पुन्हा जमीन कसायला गेलात, की कम्पायलर बांधावरच अडवतो. आकडे या नियमातून सुटतात, कारण त्यांची सरळ नक्कल होते. नुसतं वाचायला हवं असेल तर मालकी न बदलता वस्तू उसनी देता येते. या व्यवस्थेमुळे स्मृतीची साफसफाई करणारा वेगळा नोकर ठेवावा लागत नाही आणि बऱ्याच घातक चुका प्रोग्रॅम चालायच्या आधीच पकडल्या जातात.

त्या लाल मजकुरात काय होतं, ते मी वहीत उतरवून घेतलं. मालकी कुठल्या ओळीत गेली, तिथे खूण. नंतर कुठल्या ओळीत ती वस्तू वापरली, तिथे दुसरी खूण. ती का गेली, याचं कारण. आणि शेवटी एक सूचना: हवं तर नक्कल करून घ्या. निळ्या पडद्याच्या काळात आम्हाला ओळ क्रमांक आणि एक कोरडं वाक्य मिळायचं, आणि खरी चूक बरेचदा त्याच्या वरच्या ओळीत असायची. रस्टच्या कम्पायलरसमोर बसलं की शेजारी कुणी समजूतदार माणूस बसल्यासारखं वाटतं.

पण खिडकीपाशी बसलेल्याने ती सूचना जशीच्या तशी मानली. नक्कल केली, हिरवी खूण मिळाली. पुढचा स्वाध्याय, पुन्हा नक्कल. अर्ध्या तासात त्याचे सात स्वाध्याय पार पडले आणि गटात तो सगळ्यांच्या पुढे गेला. मालकीचा प्रश्न त्याने एकदाही सोडवला नव्हता. प्रत्येक वेळी नव्या जमिनीचा नवा सातबारा काढला होता. गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई उठून त्याच्यामागे उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता हेच सात परत कर. नक्कल न करता."

त्याला दोन तास लागले. दुसऱ्या शनिवारी सगळ्यांना मालकी समजावून सांगत होता तो तोच.

या गटाने आणखी एक नियम पाळला होता. सरावाच्या वेळी कोड लिहायच्या एडिटरमध्ये ओळी आपोआप सुचवणारा एआय मदतनीस बंद. रोजच्या कामात सगळे तो वापरतात आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण सरावात तो चूक व्हायच्या आधीच बरोबर ओळ पुढे ठेवतो. 'माझी मदत' म्हणायला तोंड उघडावं आणि शेजारच्याने 'मला मदत' म्हणून वाक्य पूर्ण करावं, तसं. वाक्य शुद्ध होतं, बोलणाऱ्याच्या जिभेला मात्र काहीच वळण लागत नाही. मला हा नियम पूर्ण पटला आणि तेव्हापासून मीही तो पाळते.

कोडं कशाचं, सराव कशाचा

नवी भाषा शिकायची म्हटलं की इंजिनिअरिंगच्या मुलांचा पहिला सल्ला ठरलेला: लीटकोडवर प्रश्न सोडव, कोडशेफवर उतर. कोडशेफ तर आपल्या मुंबईचंच बाळ. डिरेक्टी या कंपनीने २००९ साली ते सुरू केलं आणि स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगची गोडी इथल्या असंख्य मुलांना त्यातून लागली. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते काम भाषा शिकवण्याचं नाही.

प्रोजेक्ट ऑयलर हा गणिती कोड्यांचा संग्रह २००१ पासून आहे. त्यातलं पहिलंच कोडं घ्या: १००० पेक्षा लहान, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज. मी ते पायथनमध्ये सोडवलं, मग रस्टमध्ये. दोन्हीकडे लूप, अट, बेरीज, मिळून पाच-सहा ओळी. मग कागद घेतला. तिनाच्या पटींची बेरीज १,६६,८३३. पाचाच्या पटींची ९९,५००. पंधराच्या पटी दोन्हीकडे मोजल्या गेल्या, म्हणून ३३,१६५ वजा. उत्तर २,३३,१६८. कागदावर सुटलं तेव्हा झालेला आनंद खरा होता. पण रस्टमधलं काय शिकले? काहीच नाही. साइटने माझ्या उत्तराला बरोबर म्हटलं, ते कुठल्या भाषेत आणि कसं काढलं हे तिला बघायचंच नव्हतं.

अशा कोड्यात अडलं, तर भाषेमुळे अडलं की युक्ती न सुचल्यामुळे, तेही उमगत नाही. लागोपाठ तीन रात्री एका ग्राफच्या प्रश्नावर डोकं फोडून 'मला रस्ट जमत नाही' असं ठरवणारी माणसं मला भेटली. त्यांना ग्राफ येत नव्हता.

या कोड्यांचा एक उपयोग मात्र मला फार आवडला. आधी ओळखीच्या भाषेत सोडवलेलं कोडं काही महिन्यांनी नव्या भाषेत सोडवायचं. युक्ती माहीत असते, त्यामुळे अडतं ते फक्त भाषेपाशी. डेव्ह थॉमस या प्रोग्रॅमरने अशा पुन्हा पुन्हा करायच्या सरावाला कराटेतला 'काता' हा शब्द दिला. दरवर्षी एक नवी भाषा शिकावी, हा सल्लाही त्याच्या आणि अँडी हंटच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर'मधला. एरिक वॉस्टलची 'अॅडव्हेंट ऑफ कोड' ही डिसेंबरातली कोडीही २०१५ पासून याच कामी येतात. भारतात ती सकाळी साडेदहाला उघडतात. हिंजवडीचा गट मागच्या वर्षांची कोडी घेतो, कारण ती त्यांनी जावात सोडवलेली आहेत.

पाकिटातल्या पट्ट्या

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजची लॅब. तीस यंत्रं, त्यांतली चोवीस चालू, पंख्यांचा आवाज. पहिल्या वर्षी इथली मुलं-मुली सी भाषा मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर शिकलेली. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचे पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात, आणि त्यांतल्या अनेकांचा आवाज मराठीतही आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर तुमचं काम. तिकडे जे केलं ते इकडे करायचं. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच, पण कानात मराठी. मोहोळकडून एसटीने येणारी एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला कळू शकतं." ते वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवते. साधन निवडताना भाषेची ही बाजू शहरात बसून सुटून जाते.

दुसऱ्या वर्षी पायथन. लॅबच्या मॅडमना जाणवलं होतं की तिकडचं बघून इकडे टाइप करताना मुलं चुकतच नाहीत. नक्कल अचूक होते, तास संपतो, आणि आठवड्याने कोऱ्या फाइलसमोर हात थांबतो. त्यांनी पाठ बदलले नाहीत, दोन गोष्टी जोडल्या.

पहिली अगदी साधी. एंटर दाबायच्या आधी पाठ थांबवायचा आणि उत्तर वहीत लिहायचं. मी गेले त्या दिवशी फळ्यावर भागाकार होता. सातला दोनने भागलं तर? सीच्या सवयीने जवळपास सगळ्यांनी ३ लिहिलं. पायथनने ३.५ दिलं. मग पूर्णांकी भागाकाराचं चिन्ह घेतलं आणि उणे सातला दोनने भागलं. सीमध्ये उणे ३ येतं, म्हणून पुन्हा सगळ्यांनी उणे ३. पायथन म्हणाला, उणे ४. लॅबमध्ये एकदम कल्ला झाला. सी शून्याच्या दिशेने कापतो, पायथन खालच्या पूर्णांकाकडे उतरतो, हे मॅडमनी त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते टिपणवहीतलं एक वाक्य होऊन राहिलं असतं. वहीतल्या चुकलेल्या उणे ३ वर काट मारताना ते त्या मुलांच्या मनात बसलं.

आठवण्याचा प्रयत्न करणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा का टिकतं, याचा हेन्री रोडिगर आणि जेफरी कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. अप्पा बळवंत चौकातलं सोडवलेल्या उदाहरणांचं पुस्तक त्या पाच मिनिटांपुरतं खरंच जिंकतं, म्हणून ते विकलं जातं. आणि अगदी नव्या विषयात चार उदाहरणं सोडवलेली बघणं गरजेचंच असतं. पाचवं मात्र झाकून करावं लागतं.

मॅडमची दुसरी गोष्ट टेबलावर होती: जुनी लग्नपत्रिकांची पाकिटं. प्रत्येकात एका प्रोग्रॅमच्या ओळी कापून केलेल्या कागदी पट्ट्या. त्या जुळवायच्या. न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली अशा कोड्यांवर निबंध लिहिला, त्यामुळे त्यांना 'पार्सन्स प्रॉब्लेम' म्हणतात. टाइप करायचं नाही, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका नाहीत. उरतो तो फक्त क्रम आणि रचना. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर ती कुणाच्या पोटात आहे ते ठरतं. म्हणून पट्टी कुठल्या क्रमाने, आणि किती आत ठेवायची, दोन्ही बघावं लागतं. प्रत्येक पाकिटात एक पट्टी जास्तीची होती, दिसायला बरोबर पण सीच्या वळणाची. मोहोळच्या मुलीने ती पट्टी तीनदा आत घेतली, तीनदा बाहेर काढली. मग शेजारणीला म्हणाली, "अगं, ही तर मागच्या वर्षीची आहे." आणि बाजूला ठेवली.

या सगळ्याला खर्च आला होता तो कात्री आणि एका दुपारचा.

माणसाचा एक प्रश्न

टेस्ट पास झाली म्हणजे ती भाषा आली का? इथे कम्पायलर, पट्ट्या, हिरव्या खुणा सगळ्यांची हद्द संपते.

'एक्सरसिझम' हे व्यासपीठ कॅटरिना ओवेन यांनी २०१३ साली सुरू केलं. ते विनामूल्य आहे, नफ्यासाठी चालत नाही, आणि सत्तरहून जास्त भाषांचे स्वाध्याय तिथे आहेत. सोबत टेस्ट येतात, त्या पास करायच्या. मग हवं असेल तर आपला कोड एखाद्या स्वयंसेवक मार्गदर्शकाला दाखवता येतो. मी लीप वर्ष ओळखण्याचा स्वाध्याय पाठवला. ४ ने भाग जायला हवा, १०० ने गेला तर नाही, पण ४०० ने गेला तर हो. २००० लीप, १९०० नाही. एकाच्या पोटात एक अशा तीन अटी लिहिल्या, सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सुरुवातीला दोन ओळींचं कौतुक, मग एक प्रश्न: हेच रस्टमधल्या 'मॅच'ने लिहिलंत तर कसं दिसेल? मी बसले. तिन्ही भागाकारांच्या बाक्या एका जुडीत बांधल्या आणि कुठल्या जुडीला काय उत्तर, एवढंच ओळीखाली ओळ मांडलं. तीच अक्कल, तेच उत्तर, पण आता ते वाचताना नियमच डोळ्यांसमोर उभा राहत होता. माझी आधीची उत्तरपत्रिका म्हणजे रस्टच्या शब्दांत लिहिलेली सी होती. हे मला कुठल्याही टेस्टने सांगितलं नसतं, कारण टेस्टच्या लेखी मी चुकलेच नव्हते. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात एका अनोळखी माणसाने स्वतःचा वेळ खर्चून माझ्या वीस ओळी वाचल्या, याचं मला आजही अप्रूप आहे.

असा माणूस साइटवरच मिळायला हवा असं नाही. हिंजवडीत तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला, सोलापुरात त्याने कात्री हातात घेतली.

एक अर्धविराम

लेख लिहायला बसले त्या रात्री कर्निगन-रिचींचा तो पहिला स्वाध्याय मी रस्टमध्ये करून पाहिला. 'हॅलो, वर्ल्ड' छापणारी तीन ओळींची फाइल. वहीत दोन रकाने आखले: माझा अंदाज, कम्पायलरचं उत्तर.

छापण्याच्या आज्ञेपुढचं उद्गारचिन्ह काढलं. अंदाज: चूक दाखवेल. दाखवली, आणि हे फंक्शन नसून मॅक्रो आहे, उद्गारचिन्ह लावा, असंही सांगितलं. शेवटचा महिरपी कंस काढला. अंदाज बरोबर. अवतरणचिन्ह काढलं. बरोबर.

मग ओळीच्या शेवटचा अर्धविराम काढला. सीमध्ये काढलेली वर्षं आठवून अंदाज लिहिला: नक्की चूक. एंटर दाबलं. प्रोग्रॅम मुकाट्याने चालला आणि 'हॅलो, वर्ल्ड' छापून मोकळा झाला.

बराच वेळ मी पडद्याकडे बघत राहिले. मग रस्टच्या पुस्तकाचं पान काढलं. रस्टमध्ये फंक्शनच्या शेवटच्या ओळीला अर्धविराम नसेल, तर ती ओळ म्हणजे त्या फंक्शनचं उत्तर. छापण्याच्या आज्ञेचं उत्तर रिकामं, मुख्य फंक्शनलाही रिकामंच उत्तर हवं, म्हणून दोघांचं जुळलं. हे पान मी सहा महिन्यांपूर्वी वाचलं होतं, पेन्सिलने अधोरेखितही केलं होतं.

पहिल्या रकान्यातला अंदाज खोडला. फाइलमध्ये छापण्याची आणखी एक ओळ घातली, आता दोन झाल्या. वरचीचा अर्धविराम काढला, खालचीचा ठेवला, आणि एंटर दाबायच्या आधी वही पुन्हा जवळ ओढली.